कोल्ह्याला स्टूल दिलं तर? म्हणी धरून मुलांशी प्राण्यांच्या गप्पा कशा माराव्यात

नाशिकच्या घरात द्राक्षांची पेटी उघडली की कोणीतरी 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' म्हणतंच. यंदा आमच्या सहा वर्षांच्या धाकटीने विचारलं, "मग त्याने स्टूल का नाही आणलं?" मी हसून विषय मिटवणार होतो. नाही मिटवला, आणि तेव्हापासून आमच्याकडे जेवताना एकेक म्हण चौकशीला उभी राहते. तुम्हालाही हे जमेल, खर्च काही नाही.

सुरुवात म्हणीने करा. मूल काहीतरी वेडगळ विचारतंच. त्या क्षणी तोंडावर आलेलं उत्तर गिळा आणि 'तुला काय वाटतं?' एवढंच म्हणा. धाकटीचं म्हणणं, स्टूल तोंडात धरलं तर द्राक्षं कशाने खाणार? तर्क अगदी बरोबर आहे. असं काही आलं की चूक-बरोबर ठरवायची घाई करू नका, दोन-तीन अंदाज होऊ द्या.

मग मोजा. कोल्हा खांद्यापाशी साधारण दीड फूट उंच असतो. भिंतीवर तेवढ्यावर पेन्सिलने खूण करा, मुलाला रांगायला लावा, आणि द्राक्षाचा मांडव किती वर असतो ते हात उंचावून दाखवा. हे झाल्यावरच माहिती द्या: कोल्हा नुसता मांसाहारी नाही. उंदीर, किडे, मेलेली जनावरं खातो, तशी पिकलेली फळंही खातो. म्हणजे त्याची अडचण चवीची नव्हती, उंचीची होती. तो कुत्र्या-लांडग्यांचा जवळचा भाऊबंद, खोकड (इंग्रजीतला फॉक्स) वेगळं, हेही जाता जाता सांगून टाका.

पावसाळ्यात 'गोगलगाय नि पोटात पाय' घ्या. ही माझी सर्वांत आवडती, कारण ती शब्दशः खरी आहे. कुंडीतली गोगलगाय पानाने अलगद उचलून काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि काच वर धरून खालून बघा. पोटाखालचा सगळा स्नायू म्हणजेच तिचा पाय. त्यावरून लाटा सरकताना दिसतात, तीच तिची चाल. "मग बूट कुठे घालणार?" हा प्रश्न येणारच. तिला बुटाऐवजी चिकट स्राव असतो, त्यावरून ती घसरत जाते. वरच्या दोन लांब शिंगांच्या टोकांवर तिचे डोळे असतात. ते आत ओढले जाताना बघायला मुलं अर्धा तास बसतात. नंतर गोगलगाय जागच्या जागी सोडा. नुसत्या हाताने तिला धरू देऊ नका आणि साबणाने हात धुवायला लावा, तिच्या अंगावरून आजार येऊ शकतात.

नागपंचमीला पुंगीचा विषय निघतो. वर्तमानपत्राची पुंगी करा, एकाने ती हलवायची, दुसऱ्याने कान घट्ट बंद करून तिच्यामागे डोलायचं. नागाला बाहेरचे कान नसतात, तो हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो. दूधही त्याचं अन्न नव्हे. आजीसमोर हे जरा जपून सांगा.

एखादी म्हण घराबाहेर घेऊन जा. हिवाळ्यात निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर गाठा. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळची ही पाणथळ जागा 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ ठिकाण, ठरली. तिथे बगळ्याचं ध्यान प्रत्यक्ष बघता येतं. मुलांना सांगा, तुम्हीही तेवढंच स्थिर उभं राहून दाखवा. आमच्याकडचा विक्रम चाळीस सेकंदांचा आहे. बगळा हलला तर मासे सावध होतात, त्याचं ध्यान पोटासाठीच असतं, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

उत्तर येत नसेल तर 'मलाही माहीत नाही' म्हणा आणि प्रश्न कॅलेंडरच्या कडेला लिहा. मोबाइल लगेच काढू नका. आणि दुसऱ्या दिवशी 'सांग बरं, काल काय शिकलास?' अजिबात नको, गप्पांची शाळा झाली की मुलं पळतात.

परवा कॅलेंडरवरचा 'गाढवाला गुळाची चव काय' निघाला. घोडा, गाढव गूळ आवडीने खातात. गोड कळत नाही ते मांजराला, त्याच्या जिभेत गोडाची जाणीवच नसते. धाकटीने दोन मिनिटं विचार केला, पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरवरचं 'गाढवाला' खोडून 'मांजराला' लिहिलं.