टेक्सासहून कॅलिफोर्नियात येणाऱ्या ईएमटींसाठी

टेक्सासमध्ये ॲम्ब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे आणीबाणीत पेशंटवर प्राथमिक उपचार करणारे तंत्रज्ञ, म्हणून काम करत होतात आणि आता घरातल्या कुणाच्या नोकरीपायी बे एरियात बिऱ्हाड हलवताय? मग सामान बांधायच्या आधी नॅशनल रजिस्ट्रीच्या, म्हणजे ईएमटींना देशपातळीवरचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, खात्यात जा आणि तुमच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपतेय ते बघा. पुढचं बरंचसं त्यावर ठरतं.

इथे पेशंटला हात लावायची परवानगी राज्य देतं, त्यामुळे टेक्सासचं कार्ड टेक्सासच्या हद्दीपर्यंतच. रजिस्ट्री, म्हणजे एनआरईएमटी, ही १९७० साली सुरू झालेली संस्था. ऑफिस ओहायोतल्या कोलंबसला. तुमची तयारी देशभर मान्य असलेल्या दर्जाची आहे, एवढं ती सांगते. काम करायचा हक्क तिच्या कार्डाने मिळत नाही, पण नव्या राज्यात अर्ज करायचा सगळ्यात सरळ रस्ता तिच्याच कार्डावरून जातो.

आणि नेमकं तेच कार्ड लोक सोडून देतात. टेक्सासचं प्रमाणपत्र ४ वर्षं चालतं, रजिस्ट्रीचं २. टेक्सासमध्ये नूतनीकरणाला रजिस्ट्री चालू असायलाच हवी अशी सक्ती नाही. मग वाटतं, दर दोन वर्षांनी ४० तासांचं प्रशिक्षण आणि वर फी कशाला? पुढे बदली होते, आणि अनुभवी माणसाला पुन्हा परीक्षेला बसायची वेळ येते. माझं कळकळीचं सांगणं आहे: राज्य मागो न मागो, रजिस्ट्री चालू ठेवा. ४० पैकी २० तास राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे, १० स्थानिक, १० तुमच्या आवडीचे. मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून दिवाळीच्या सुमारास तासांचा हिशोब करून टाका. सध्या कुठल्या सेवेत नसाल, तर 'इनॲक्टिव्ह' दर्जा घेऊनही प्रमाणपत्र टिकवता येतं.

राज्याराज्यांच्या ईएमएस (आपत्कालीन वैद्यकीय सेवा) कॉम्पॅक्टबद्दल, म्हणजे एकमेकांची कार्डं मानण्याच्या कराराबद्दल, तुम्ही ऐकलं असेल. टेक्सास त्यात आहे, कॅलिफोर्निया नाही. शिवाय तो करार कामानिमित्त तात्पुरतं दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी आहे. कायमचं घर हलवलं की नव्या राज्याचं कार्ड काढावंच लागतं.

कॅलिफोर्नियाची आणखी एक तऱ्हा. ईएमटीच्या वरच्या पायरीचं, म्हणजे पॅरामेडिकचं, लायसन्स राज्य देतं, पण ईएमटीचं प्रमाणपत्र देते स्थानिक ईएमएस एजन्सी. फ्रीमाँटला राहणार असाल तर अलामेडा काउंटी, सनीव्हेलला असाल तर सांता क्लारा. एकीकडे मिळालेलं प्रमाणपत्र राज्यभर चालतं. मात्र काम ज्या काउंटीत करणार, तिथले नियम शिकून घ्यावे लागतात.

अर्जासोबत बोटांचे ठसे लागतात, तेही 'लाइव्ह स्कॅन'ने, म्हणजे शाईऐवजी मशीनवर घेतलेले. आपल्याकडचे बरेच आईवडील मुलांच्या शाळेत मदतीला जाण्यासाठी हे ठसे देतात. ते इथे चालत नाहीत. ठशांचा अहवाल फॉर्मवर जिचं नाव असेल त्याच संस्थेकडे जातो, म्हणून एजन्सीने दिलेला फॉर्म घेऊनच सेंटरवर जा आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा.

नावाकडे नीट लक्ष द्या. आपलं नाव तिहेरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर तिन्ही, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं फक्त अक्षर, रजिस्ट्रीत माहेरचं आडनाव, अशी सरमिसळ अगदी नेहमीची. तपासणाऱ्या कारकुनाला ही माणसं वेगवेगळी दिसतात आणि अर्ज तिथेच अडकून पडतो. टेक्सास सोडण्याआधी रजिस्ट्रीतलं नाव ओळखपत्राशी जुळवून घ्या, विवाहाचा दाखला हाताशी ठेवा. बीएलएस (सीपीआरच्या प्रशिक्षणाच्या) कार्डावरही तेच नाव हवं, आणि ते दोन वर्षांच्या मुदतीत आहे ना तेही बघा.

ॲम्ब्युलन्स चालवायची असेल तर डीएमव्हीचं, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याचं, वेगळं ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर सर्टिफिकेट लागतं. त्याची वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा असते. साधं लायसन्स तर वास्तव्य पक्कं झाल्यापासून १० दिवसांत बदलून घ्यायचं असतं, तेव्हा ते आधी उरका.

भारतात डॉक्टर किंवा नर्स असाल, किंवा महाराष्ट्रात १०८ वर काम केलं असेल, तरी तो अनुभव थेट धरला जात नाही. मान्यताप्राप्त कोर्स इथेच करावा लागतो. एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर पगारी कामाला ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हवा. 'फुकट करते, मग काय हरकत' असं समजून चालू नका, आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

कार्ड हातात येईपर्यंत शिफ्ट घेऊ नका, मॅनेजर कितीही गळ घालो. रस्त्यात कुणी कोसळलं तर सीपीआर जरूर द्या, तो कुणीही देऊ शकतो. गणवेश घालून पेशंटची जबाबदारी घेणं ही वेगळी गोष्ट, आणि त्यात करिअर पणाला लागतं.

शेवटचा मुद्दा कामाच्या हद्दीचा. टेक्सासमध्ये ईएमटीने काय करायचं ते सेवेचा मेडिकल डायरेक्टर ठरवतो. तिथे काही सेवांमध्ये ईएमटी आय-जेल ही नळी घशात घालून श्वासमार्ग सुरक्षित करतात, हात अगदी सरावलेला असतो. कॅलिफोर्नियात मात्र राज्याची यादी आहे, आणि अशी कौशल्यं स्थानिक एजन्सीने मंजूर केली असतील तिथेच वापरता येतात. काउंट्यांची प्रोटोकॉल पुस्तकं, म्हणजे उपचारांचे लेखी नियम, ऑनलाइन मिळतात. पहिल्या शिफ्टआधी तुमच्या काउंटीचं पुस्तक उघडा आणि टेक्सासमध्ये सवयीने करत होतात त्यातलं इथे काय वर्ज्य आहे, ते सगळ्यात आधी वाचून काढा.