झेडएक्स स्पेक्ट्रमवर देवनागरी: न, म, काना आणि एक मात्रा

१९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकामध्ये रोमन अक्षरंच येतात. पण ए ते यू या कळांवर आपण काढलेली २१ चिन्हं बसवता येतात, आणि देवनागरीला तेवढी फट पुरते. प्रत्येक चिन्ह ८ बाय ८ ठिपक्यांचं. एका ओळीचा एक आकडा: डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १, भरलेल्या ठिपक्यांची बेरीज करायची.

आधी शिरोरेषेची उंची ठरवा आणि मग ती बदलू नका. इथे ती तिसऱ्या ओळीत आहे, पूर्ण भरलेली, म्हणजे २५५. दोन घरांमध्ये (घर म्हणजे पडद्यावरची एका चिन्हाची जागा) मोकळी जागा नसल्यामुळे रेषा आपोआप जुळते. वरच्या दोन ओळी मात्रेसाठी मोकळ्या सोडल्यात. अक्षराला उरतात पाचच ओळी. दाटी होते, पण वाचता येतं. न आणि म यांच्यात फरक फक्त चौथ्या-पाचव्या ओळीचा: २ च्या जागी ३४. खालचा बेसिक भाषेतला प्रोग्राम हे आकडे मेमरीत भरतो: पोक म्हणजे एका पत्त्यावर आकडा ठेवणं, यूएसआर "ए" म्हणजे ए या चिन्हाचा पत्ता.

१० फॉर एन=० टू ३१
२० रीड डी
३० पोक यूएसआर "ए"+एन,डी
४० नेक्स्ट एन
५० डेटा ०,०,२५५,२,२,१२६,९८,२
६० डेटा ०,०,२५५,३४,३४,१२६,९८,२
७० डेटा ०,०,२५५,३२,३२,३२,३२,३२
८० डेटा २४,६,०,०,०,०,०,०
९० प्रिंट अ‍ॅट ५,०;"एबीए बीसीबीसी"
१०० प्रिंट अ‍ॅट ७,०;"एबी"
११० प्रिंट ओव्हर १;अ‍ॅट ७,०;"डी"

शब्द अक्षर-अक्षर टाइप करायचे नाहीत. ओळीच्या सुरुवातीला एफ दाबलं की फॉर, ओ दाबलं की पोक. रीड, डेटा, यूएसआर यांसाठी दोन्ही शिफ्ट एकदम दाबा, कर्सर ई झाला की अनुक्रमे ए, डी, एल. ओळ ९० ते ११० मधली अवतरणातली अक्षरं ग्राफिक्स मोडमध्ये: कॅप्स शिफ्ट धरून ९, मग अक्षर, बाहेर पडायला पुन्हा ९. स्पेक्ट्रम प्लसवर यासाठी वेगळ्या कळा आहेत. रन करेपर्यंत ही चिन्हं साधी रोमन कॅपिटल दिसतात, त्यामुळे गोंधळू नका. रन झाल्यावर "नमन मामा" आणि खाली "नेम" दिसेल.

यूएसआरनंतरचं "ए" अवतरणातच हवं. अवतरण विसरलात आणि ए नावाचं चल (व्हेरिएबल) आधीपासून असेल, तर यंत्र त्या पत्त्यावरचा मशीन कोड चालवायला जातं आणि बहुधा सगळा प्रोग्राम उडतो. शिरोरेषा मधूनच वर सरकली आणि "आउट ऑफ डेटा" आलं, तर डेटामध्ये एक आकडा राहिलाय. रेषा जिथून सरकली ते आणि त्याच्या आधीचं अक्षर तपासा.

मात्रेच्या आकड्यांत शिरोरेषा मुद्दाम नाही. ओव्हर १ मध्ये ठिपक्यावर ठिपका पडला की दोन्ही पुसले जातात. तिथे २५५ दिलंत तर न ची रेषाच गायब होईल. वेलांटीला असला खटाटोप नाही, तिला स्वतंत्र घर द्या.

न्यू (प्रोग्राम पुसायची आज्ञा) दिल्यावरही चिन्हं टिकतात, वीज गेली की जातात. टेपवर ठेवायला: सेव्ह "लिपी" कोड यूएसआर "ए",३२. १२८के मेमरीच्या यंत्रातल्या १२८ बेसिकमध्ये टी आणि यू वापरता येत नाहीत, तिथे १९च चिन्हं धरा.

२१ पुरत नाहीत, तेव्हा दुसरा संच करा. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत क्लियर ६४९९९ (हे त्यापुढची मेमरी राखून ठेवतं, पण चलं पुसतं, म्हणून पहिल्याच ओळीत), मग पोक २३६७५,२३२ आणि पोक २३६७६,२५३. आता यूएसआर "ए" म्हणजे पत्ता ६५०००. पडद्यावर आधी उमटलेली अक्षरं तशीच राहतात, त्यामुळे एकाच ओळीत दोन्ही संच चालतात. ४८के यंत्रावर मूळ संचाकडे परतायला त्याच दोन पत्त्यांवर ८८ आणि २५५.