वर्कशॉप गार करायचंय? पंख्याचं तोंड बाहेर करा

पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वर्कशॉपमध्ये दुपारनंतर पंखा लावला की अंगावर गरम वाराच येतो. एसीच्या खर्चात पडण्याआधी हे करून बघा.

१. पंखा खिडकीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे तो आतली हवा बाहेर फेकेल. खिडकी जितकी उंचावर तितकं चांगलं.

२. समोरच्या बाजूचं, सावलीतलं दार उघडा आणि बाकी सगळं बंद करा. खरी मेख इथेच आहे. पंख्याशेजारची खिडकी उघडी राहिली तर हवा तिथल्या तिथे फिरते, तुमच्या टेबलापर्यंत पोचतच नाही.

३. पंखा खिडकीला चिकटवू नका, हातभर मागे सरकवा. आजूबाजूची हवाही ओढली जाते.

४. उघड्या दारात एक दोरा लोंबता धरा. तो आतल्या बाजूला झुकला, की जमलं.

बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच हे करायचं. भर उन्हात खिडक्या-दारं बंद बरी. संध्याकाळी आणि पहाटे मात्र तासभर पंखा जरूर चालवा.

थंडीत अख्खी खोली तापवत बसू नका. उभं राहायच्या जागी जाड रबरी मॅट टाका, पाय गार पडत नाहीत. हीटर लावलाच तर तो थेट अंगाकडे वळवा.

एक मात्र पाळाच: लाकडाचा बारीक भुसा उडत असेल किंवा थिनर, पॉलिशचं काम चालू असेल, तर लाल होणाऱ्या कॉइलचा हीटर आत नकोच. आणि साधा पंखाही ती वाफ ओढायला वापरू नका, मोटरची ठिणगी पुरते.