एका सुट्टीत दोन देश? तिकीट काढण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी दिवस मोजा, आणि ते कोल्हापुरातून मोजा. सहलीच्या जाहिरातीतल्या ‘सहा रात्री, सात दिवस’चा हिशेब मुंबईच्या विमानतळापासून सुरू होतो. आपला सुरू होतो महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डब्यापासून. शुक्रवारी रात्री गाडीत बसायचं, शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवस नातेवाइकांकडे काढायचा आणि रात्रीचं विमान धरायचं. रविवारी सकाळी व्हिएतनामच्या हो चि मिन्ह शहरात उतरतो तेव्हा दोन रात्रींची झोप अंगावर असते. परतीला हेच उलट्या क्रमानं. दोन्ही टोकांचे अर्धे दिवस धरून हातात उरतात सहा. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, मुंबईचं विमान आहे, पण त्याला उशीर झाला तर पुढचं परदेशी तिकीट बुडतं, म्हणून जाताना मी रात्रीची गाडीच धरतो. पावसाळ्यात जायचं असेल तर एक दिवस आधी निघा. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्गावर पुराचं पाणी आलं होतं, तेव्हा कोल्हापुरातून बाहेर पडणंच बंद झालं होतं.

हे सहा दिवस कागदावर लिहून झाले की मगच दुसऱ्या देशाचा विषय काढा. आमच्याकडे तो मेहुण्यानं काढला. “दाजी, एवढं लांब जातोयच तर शेजारचा देशबी बघून येऊया की. परत कधी जमतंय?” त्याचं चुकत नाही. आपल्याकडं परदेशवारी रोज होत नाही, तिकिटाचा मोठा खर्च एकदाच होतो. पण याच विचारानं आम्ही काही वर्षांपूर्वी सिंगापूर आणि मलेशिया एका आठवड्यात केलं होतं. ती सहल मला आठवते ती बसच्या खिडकीतून. सीमेवर एकदा सिंगापूरच्या रांगेत, एकदा मलेशियाच्या रांगेत सामान घेऊन उभं राहायचं, मग क्वालालंपूरपर्यंत साडेतीनशे किलोमीटर. बाटू केव्ह्जला पोचलो तेव्हा आईचे पाय सुजले होते. वर गुहेत जायला २७२ पायऱ्या. ती खाली मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सोनेरी मूर्तीपाशी बसून राहिली आणि आम्ही धावत वर जाऊन धावत खाली आलो. तिला त्या गुहा बघायच्या होत्या. ते मला अजून लागतं.

त्यामुळे या वेळी आम्ही प्रश्नच बदलला. दुसऱ्या देशात नेमकं काय बघायचंय, ते एका वाक्यात सांगता येतं का? ‘जवळच आहे’ किंवा ‘पासपोर्टवर आणखी एक शिक्का’ हे उत्तर असेल तर तो देश सोडा. आमचं उत्तर होतं कंबोडियातलं अंकोर वाट हे मंदिर. मी लहानपणापासून खिद्रापूरला जातो. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात उभं राहून वरच्या गोल मोकळ्या आभाळाकडं बघताना दरवेळी वाटतं, याच बाराव्या शतकात जगात आणखी कुठं कुठं दगड घडवले जात होते? कंबोडियात राजा सूर्यवर्मन दुसरा विष्णूचं हेच मंदिर बांधत होता. ते मंदिर पश्चिमाभिमुख आहे, आपल्या अंबाबाईसारखं. इथं किरणोत्सवात मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात. तिथं मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला, पश्चिमेच्या वाटेवरून पाहिलं तर सूर्य मधल्या शिखरावर उगवतो. तिथल्या भिंतींवर समुद्रमंथन आहे, कुरुक्षेत्र आहे, लंकेचं युद्ध आहे. आईला कुणी वाटाड्या लागणार नाही, ती स्वतःच आम्हाला सांगत जाईल. एवढं ठाम कारण असलं की दुसरा देश घ्यावा.

पण मग पहिल्या देशातलं काहीतरी सोडावं लागतं, आणि ही काटछाट तिकिटाच्या आधी व्हायला हवी. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण साधारण १,६५० किलोमीटर लांब आहे. हनोई, हालाँग बे, दा नांग, होई आन आणि हो चि मिन्ह हे सगळं धरून वर कंबोडिया घेतलं, तर सहा दिवसांतले अडीच-तीन विमानतळांवर जातात. आम्ही हनोई आणि हालाँग सोडलं. मेहुणा दोन दिवस नाराज होता, कारण त्याला हालाँगची नौकाच हवी होती. त्याचं मन तिथंच असतं तर मी उलटा सल्ला दिला असता: फक्त व्हिएतनाम करा, आणि जुनी मंदिरं बघायचीच असतील तर होई आनजवळचं ‘मी सन’ हे ठिकाण बघा. चंपा या जुन्या राज्याच्या राजांची ती शिवमंदिरं १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि त्यांतल्या काहींची डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं केली आहे. तिथल्या कामात २०२० साली वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. एका देशातही मन भरेल इतकं आहे.

दोन्ही देश ठरले तर पुढचं काम सीमा कशी ओलांडायची ते पाहायचं. हो चि मिन्हहून सिएम रीपला, म्हणजे अंकोर वाटजवळच्या शहराला, विमान तासाभरात जातं. तरी अर्धा दिवस गेला असंच धरा: खोली सोडणं, दोन तास आधी पोचणं, तपासणी, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या नव्या विमानतळापासून शहरापर्यंतचे चाळीसेक किलोमीटर. बसनं मोक बाईच्या सीमाचौकीवरून कंबोडियाच्या राजधानीला, नोम पेन्हला, सहाएक तास, तिथून सिएम रीपला आणखी तेवढेच. पैसे वाचतात, पण दिवस जातो. घरचं वयस्कर माणूस बरोबर असेल तर बसचा विचार करू नका.

व्हिसापाशी मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथली चूक तिथं गेल्यावर दुरुस्त होत नाही. व्हिएतनामचा इ-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो; एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०. मुंबईहून हो चि मिन्ह, तिथून सिएम रीप आणि परत हो चि मिन्हवरूनच मुंबई असा मार्ग असेल तर अनेक प्रवेशांचाच काढा. व्हिएतनाममधून बाहेर पडलात की एका प्रवेशाचा व्हिसा संपला, मग परतीचं तिकीट हातात असूनही आत घेत नाहीत. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मध्ये सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, म्हणजे पुन्हा देशात प्रवेश आलाच. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परत निघायचं तिकीट मिळालं तर ही अडचणच राहत नाही. दोन्ही प्रकारच्या तिकिटांच्या किमतींची तुलना करताना व्हिसाचे २५ डॉलर आणि एक अर्धा दिवस त्यात धरा. कंबोडियाचा पर्यटक इ-व्हिसा एकाच प्रवेशाचा, ३० दिवस राहण्याचा. शिवाय विमानानं येणाऱ्यांना प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज आधी भरावा लागतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा; त्याच्यासारखी दिसणारी खाजगी संकेतस्थळं जास्त पैसे घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. आपल्याकडं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, ते गाळू नका. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी उरायला हवी आणि दोन देशांच्या शिक्क्यांना कोरी पानं हवीत. आईच्या पासपोर्टची मुदत आम्ही पाहिली तेव्हा चारच महिने उरली होती, म्हणून पूर्ण बेत दिवाळीवर ढकलला.

ते एका अर्थी बरं झालं. मे महिन्यात कंबोडियात उकाडा असतो आणि पाऊस सुरू होतो, नोव्हेंबरात आभाळ उघडतं. पण त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे होई आनच्या बाजूला, पूर येतात. दोन देश शेजारी असले तरी त्यांचा पाऊस वेगवेगळा असतो, म्हणून प्रत्येक शहराचा महिना स्वतंत्र पाहा. तसंच शेजाऱ्यांचं आपापसात काय चाललंय तेही. बँकॉकहून रस्त्यानं सिएम रीप गाठायचे जुने बेत खूप लोक अजून सुचवतात, पण २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरच्या चौक्या बंद झाल्या. ठरवण्याआधी ताजी बातमी आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचायचीच.

पैशांचं थोडक्यात. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट घेत नाहीत. कोऱ्या, लहान नोटा न्या. व्हिएतनाममध्ये डाँग हे चलन, आणि वीस हजार व पाच लाखांच्या नोटा दोन्ही निळसर, त्यामुळे रात्री टॅक्सीत शून्यं मोजून द्या. विम्याच्या कागदावर दोन्ही देशांची नावं आहेत ना, ते पाहा. मोबाइलचं सिमही दोन्हीकडं चालेल असं घ्या. शाकाहारी मंडळींसाठी कांदा-लसूण चटणी आणि दशम्या विमानात खाली जाणाऱ्या बॅगेत. तिकडं भाजीतही माशाचा सॉस असतो, तेव्हा व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेलं हॉटेल शोधा, ते शुद्ध शाकाहारी.

आमचा कागद आता असा आहे: सिएम रीपला तीन रात्री, हो चि मिन्हला तीन. अंकोरचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलर, तो दहा दिवसांत कधीही वापरता येतो, म्हणून मधला एक दिवस आईला विश्रांतीला मोकळा ठेवलाय. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, वयासाठी पासपोर्ट बरोबर ठेवायचा. वरच्या गाभाऱ्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, तिथं आई जाणार नाही, हे तिच्याशी आत्ताच बोलून ठेवलंय. ती म्हणाली, “मला ते समुद्रमंथन तेवढं दाखवा, शिखर तुम्ही बघा.” ते खालच्याच ओवरीत आहे, पूर्वेकडच्या बाजूला. पहिल्या सकाळी आधी तिथंच जायचं.