शाल-श्रीफळाच्या आधी नाव लिहा: ओपन सोर्स प्रकल्पाला माणसं कशी जोडावीत

आमच्या मराठवाड्यात सत्काराची हौस दांडगी. शाल, श्रीफळ, फेटा, स्टेजवर पंधरा पाहुणे, आणि ज्याचा सत्कार त्याला बोलायला दोन मिनिटं. लातुरात आम्ही काही मित्रांनी पावसाच्या नोंदी ठेवायचं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता आणि बदलता येतो असं, सॉफ्टवेअर सुरू केलं, तेव्हा हीच सवय सोबत आली. वर्षअखेरीला एक कार्यक्रम, तीन ट्रॉफ्या. तिन्ही कोड लिहिणाऱ्यांना.

औसा तालुक्यातल्या एका मुलीनं कळवलं होतं, की देवनागरीत ६५ टाकलं तर रकाना रिकामाच राहतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, म्हणजे ज्या आकड्याकडं सगळं गाव डोळे लावून बसतं तोच आमच्याकडं गळत होता. दुरुस्ती दोन ओळींची. ती करणाऱ्या पोराला ट्रॉफी मिळाली, हिचं नाव कुठंच नाही. ती पुन्हा फिरकली नाही. समजूत काढायला चार महिने गेले. त्यानंतर आम्ही जे करत आलो ते असं:

आधी कामांची यादी करा. माणसांची नको, कामांची. बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक कळवणं, मराठी भाषांतर, जुन्या फोनवर चालतंय का बघणं, वापराची माहिती लिहिणं, नवख्याच्या प्रश्नाला उत्तर देणं. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, चूक कळवणाऱ्यासाठी ‘रिपोर्टेड-बाय’ आणि तपासून बघणाऱ्यासाठी ‘टेस्टेड-बाय’ अशा वेगळ्या ओळी बदलाच्या नोंदीतच असतात. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला हे जमतं, तर आपल्याला न जमायला काय झालं?

नाव त्याच दिवशी लावा. काम जोडून घेतलं की रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, नाव आणि त्यापुढं नेमकं काय केलं ते. ‘ऑल कॉन्ट्रिब्युटर्स’ नावाची एक पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक कामाला ठरलेलं चिन्ह असतं: भाषांतराला पृथ्वीगोल, बगला किडा. तिच्या बॉटला, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामला, सांगितलं की तो यादीत भर घालायचा बदल तयार करून देतो. दोघांनी मिळून केलं असेल तर कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या, संदेशाच्या शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ची ओळ टाका, अर्थात रोमन अक्षरांत. त्या ओळीतला ईमेल गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या खात्याला जोडलेला असेल तरच श्रेय त्या खात्यावर दिसतं. इथं बरेच जण फसतात.

पण आधी विचारा. कमिटमधला ईमेल जगाला दिसतो. गिटहब खरा पत्ता झाकणारा ‘नोरिप्लाय’ पत्ता देतं, तो वापरायला शिकवा. आणि कुणाला नाव नकोच असेल तर आग्रह करू नका.

बक्षीस मोजणीवर ठेवू नका. ऑक्टोबरात होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या उपक्रमात ठरावीक संख्येनं बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये लोकांनी रीडमीत एखादा शब्द इकडचा तिकडं करून बदलांचा पाऊस पाडला. प्रकल्प सांभाळणारे वैतागले, आणि जो प्रकल्प स्वतःहून हो म्हणेल तोच धरायचा असा नियम आयोजकांना मध्येच करावा लागला. याउलट संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक द्यायचे. चेक बँकेत टाकण्यापेक्षा भिंतीवर लावणारेच फार. २००८ पासून तर ते एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रं देतात, तरी ती मिळवायची ओढ कमी झालेली नाही. रकमेपेक्षा ‘ही चूक तुम्ही पकडली’ हे वजनदार.

घरी दाखवता येईल असा कागद द्या. नांदेडला किंवा संभाजीनगरला शिकणाऱ्या पोराच्या बापाला गिटहबवर केलेलं काम दाखवणाऱ्या हिरव्या चौकटी काय सांगणार? साध्या मराठीत अर्ध्या पानाचं पत्र लिहा: काय अडलं होतं, यानं काय केलं, आता कुणाला उपयोग होतो. ‘उल्लेखनीय योगदानाबद्दल’ हे शब्द चुकूनही नकोत, ते कुणालाही लागू पडतात. आमच्याकडं नवीन पोरं आली ती बहुतेक अशी पत्रं बघूनच. ट्रॉफी बघून आलेला मला तरी एकही आठवत नाही.

आलेल्यासाठी ‘गुड फर्स्ट इश्यू’ची खूण लावलेली चार-पाच सोपी कामं तयार असू द्या, नाहीतर तो बघून परत जाईल.

कार्यक्रम करायचाच असेल तर सप्टेंबरात करा. सॉफ्टवेअर फ्रीडम डे सहसा सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, १७ तारखेच्या मुक्तिसंग्राम दिनाला लागूनच. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, खेड्यातली पोरं रानात असतात, हॉल रिकामा राहतो. पाहुणा एकच बोलवा. ज्याचं काम, त्यालाच ते पडद्यावर दाखवू द्या.

शेवटी अधिकार द्या. सातत्यानं येणाऱ्याला जबाबदारी देणं हा खरा मान. प्रकल्प गिटहबवर संस्थेच्या खात्यात असेल तर ‘ट्रायज’ भूमिका देता येते: आलेल्या तक्रारी लावणं, बंद करणं जमतं, पण कोडला हात लागत नाही. भरवसा बसला की पुढची पायरी.

औशाची ती मुलगी आता बदल तपासते. गेल्या महिन्यात तिनं माझाच एक बदल परत पाठवला. दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. दुरुस्त केला, आणि खाली तिच्या नावाची ओळ टाकली.