शाश्वत वन नियोजनासाठी माहिती प्रणाली कशी वापरावी

माहिती प्रणालीची सुरुवात संगणकापासून नव्हे, तर निर्णयांच्या यादीपासून करावी. कोणत्या कक्षात (नियोजनासाठी आखलेल्या जंगलाच्या विभागात) किती तोड करता येईल, कोणता भाग पूर्णपणे राखायचा आणि पुनरुत्पत्ती (नवी रोपे उगवून वाढणे) कोठे खुंटली आहे, हे प्रश्न आधी लिहून काढावेत. ज्या माहितीने यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बदलणार नाही, ती गोळा करू नये.

त्यानंतर क्यूजीआयएससारख्या विनामूल्य संगणकीय नकाशा-प्रणालीत कक्षांच्या सीमा, ओढे, रस्ते आणि उतार यांचे थर एकाच निर्देशांक पद्धतीत (जागेचे स्थान आकड्यांत सांगण्याच्या पद्धतीत) आणावेत. प्रत्येक कक्षाला कायमचा क्रमांक द्यावा, आणि कक्षाचे विभाजन झाले तरी जुना क्रमांक दुसऱ्या क्षेत्राला देऊ नये, कारण तसे केल्यास मागील नोंदी कोणत्या जमिनीच्या आहेत हेच पुढे सांगता येत नाही.

सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर विभेदनाच्या (एक ठिपका म्हणजे जमिनीवरील १० मीटर बाजूचा चौरस) प्रतिमा विनामूल्य मिळतात आणि लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांचा संग्रह १९७२ पर्यंत मागे जातो. तुलना नेहमी एकाच ऋतूतील प्रतिमांची करावी. अन्यथा पानगळ ही वृक्षतोड म्हणून नोंदली जाईल. शिवाय उपग्रहाला हिरवेपणा दिसतो, पण झुडपांनी व्यापलेली जमीन आणि कोवळे जंगल यांतील फरक त्याला अनेकदा कळत नाही.

म्हणून माझ्या मते सर्वाधिक वेळ आणि निधी नमुना क्षेत्रांच्या (प्रत्यक्ष मोजणीसाठी निवडलेल्या जंगलाच्या लहान तुकड्यांच्या) मोजणीवर खर्च व्हावा. नमुना क्षेत्रे रस्त्यालगत सोयीने न निवडता यादृच्छिक पद्धतीने निवडावीत. खोडाचा व्यास काही देशांत जमिनीपासून १.३० मीटरवर, तर काही ठिकाणी १.३७ मीटरवर मोजतात. दोन काळांतील नोंदी एकत्र करताना हा फरक दुर्लक्षित राहिला, तर झाडांची वाढ प्रत्यक्षापेक्षा कमी किंवा जास्त दिसते. उतारावर अंतर आडवे धरावे, कारण ३० अंशांच्या उतारावर जमिनीलगत मोजलेले १०० मीटर आडव्या प्रतलात सुमारे ८७ मीटरच भरतात. मोजलेल्या क्षेत्रांपैकी काहींची मोजणी दुसऱ्या पथकाकडून पुन्हा करून घ्यावी.

आता तोडीची मर्यादा. समजा, २०० हेक्टरच्या कक्षात दर हेक्टरी वार्षिक वाढ ४ घनमीटर आहे. ८०० घनमीटर हा आकडा लगेच हाती येतो, आणि नेमका तोच घातक ठरतो. ओढ्यांचे काठ, तीव्र उतार आणि वन्यजीवांसाठी राखलेले भाग मिळून ५० हेक्टर वगळले, तर ६०० घनमीटर उरतात. त्यातून नैसर्गिक मर आणि आसपासच्या लोकांनी नेलेले सरपण वजा करावे लागते. वाढीचा अंदाज नमुन्यावर आधारलेला असल्याने सरासरीऐवजी अंदाजाची खालची मर्यादा धरणे मला अधिक जबाबदारीचे वाटते. ती मर्यादा फारच खाली येत असेल, तर नमुना क्षेत्रे वाढवावीत. मात्र त्रुटी निम्म्यावर आणण्यासाठी साधारणपणे चौपट क्षेत्रे लागतात, हे अंदाजपत्रकातच धरून ठेवावे.

योजना मंजूर झाल्यावर प्रत्यक्ष तोड, आग, कीड आणि लागवड यांची नोंद तारखेसह त्याच कक्षक्रमांकावर करावी. कायमस्वरूपी नमुना क्षेत्रे दर ५ वर्षांनी पुन्हा मोजावीत. त्यांच्या खुणा मात्र तोड करणाऱ्या पथकाच्या नजरेस पडू देऊ नयेत, कारण खुणा दिसल्या की तेथील झाडे विशेष जपली जातात आणि ते क्षेत्र उरलेल्या जंगलाचे प्रतिनिधित्व करीत नाही.