पुरानंतर घरातली बुरशी: आधी भिंत वाळवा, मग रंगाचे बघा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे मध्ये जेमतेम पन्नास दिवस होते. गणपती यायच्या आधी घर नीटनेटके दिसावे ही इच्छा स्वाभाविक असली, तरी ओल्या भिंतीवर घाईने लांबी (पुट्टी) भरून रंग देणे ही पूरग्रस्त घरातली सर्वांत महागडी चूक आहे. कारण आतली ओल बाहेर पडू न शकल्याने रंगाला फुगे येतात आणि त्यामागे बुरशी नव्याने वाढते. ओल्या वस्तूवर ती एक-दोन दिवसांतच धरू लागते, त्यामुळे पाणी ओसरताच कामाला लागावे.

मुख्य स्विच बंद करावा आणि वायरमनने तपासल्याशिवाय तो चालू करू नये. काहीही फेकण्याआधी पाण्याची रेघ दिसेल अशा प्रकारे प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवावेत. तलाठ्याच्या पंचनाम्याला आणि विम्याच्या दाव्याला ते उपयोगी पडतात. गाळ ओला आहे तोवरच फावड्याने काढून जागा धुवावी, कारण वाळल्यावर त्याचे थर दगडासारखे होतात.

बुरशीला हात लावताना एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा आणि गमबूट घालावेत. नाकाला बांधलेल्या रुमालाने तिचे बीजाणू अडत नाहीत. त्याच वर्षी ‘काळी बुरशी’ हे नाव कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमुळे घरोघरी पोहोचले होते. भिंतीवर काळा डाग दिसला म्हणजे तो रोग घरात आला असे नाही, परंतु दमेकरी, अनियंत्रित मधुमेह असलेले, प्रतिकारशक्ती कमी झालेले आणि लहान मुले यांना या कामापासून दूरच ठेवावे.

पुराचे पाणी प्यालेल्या कापसाच्या गाद्या, उशा, सोफ्याचा फोम, फुगलेले प्लायवूड आणि छताचे भिजलेले जिप्सम बोर्ड टाकूनच द्यावे. गादी उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह होतो, पण तिच्या आतपर्यंत गेलेली घाण आणि बुरशी वरच्या उन्हाने जात नाही. स्टील, काच, फरशी आणि भरीव सागवानी लाकूड मात्र साबणाने घासून वाचवता येते.

भिंतीकडे वळताना आधी डाग ओळखावा. पांढरी पावडर दिसली तर तिच्यावर पाणी शिंपडावे. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, आणि चिकट होऊन पसरली तर बुरशी समजावी. बुरशी कोरडी खरवडू नये, कारण बीजाणू घरभर उडतात. याच कारणाने ती निघेपर्यंत पंखाही लावू नये. भाग ओला करून सुटलेला रंग आणि लांबी पत्र्याने गिलाव्यापर्यंत काढावी. विटेची किंवा जांभ्याची भिंत पाणी वर ओढते, म्हणून पुराच्या रेघेच्याही हातभर वरपर्यंत तपासावे. मग साबणाच्या पाण्याने ताठ ब्रशने घासून भिंत धुवावी. खरे काम या घासण्यानेच होते. त्यानंतर ग्रामपंचायतीकडून मिळणारी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, असेल तर लिटरभर पाण्यात साधारण १५ ग्रॅम कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचे निवळ पाणी लावावे आणि दहा मिनिटांनी धुऊन टाकावे. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. या पाण्यात संडास साफ करायचे ॲसिड किंवा अमोनिया असलेले कोणतेही द्रावण कधीही मिसळू नये, त्यातून जीवघेणा विषारी वायू निघतो.

त्यानंतरचा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे. कोकणातल्या भर पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते, त्यामुळे केवळ खिडक्या उघडून भिंत वाळत नाही. उघडीप मिळेल तेव्हा खिडक्या उघडून पंखे जोरात लावावेत आणि पाऊस लागला की खिडक्या बंद करून, सोय असल्यास एसी ‘ड्राय’वर चालवावा. भिंत वाळली की नाही हे पाहण्यासाठी फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दिवसभर ठेवावा. आतल्या बाजूला दव जमले तर ओल शिल्लक आहे, आणि जाड भिंतीत ती कित्येक महिने राहू शकते.

गणपतीसाठी भिंत उजळायचीच असेल तर चुन्याचा हात द्यावा. चुन्यातून भिंत श्वास घेत राहते आणि तो अल्कधर्मी असल्याने बुरशीला सहजासहजी धरू देत नाही. लांबी, ऑइल पेंट आणि प्लास्टिक पेंट यांचा विचार एक पूर्ण उन्हाळा गेल्यावर, प्लास्टिकचा तुकडा कोरडा निघाला तरच करावा, आणि तोपर्यंत कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे सरकवून ठेवावीत.